केला की झाला

१

बाराच्या सुमारास अळ्यांनी माना वर केल्या आणि तशाच डोलवत राहिल्या. निकिताला आधी वाटलं, कात टाकायची वेळ आली असेल. मग पहिल्या ट्रेमधली एक अळी हिरवं पाणी ओकली, शेजारची पिळवटून आडवी झाली, आणि निकिताच्या तोंडचं पाणी पळालं. कात टाकताना अळी ओकत नाही. विष पोटात गेलं की ओकते.

पेडगावच्या शिवारात माणिकरावांचं चॉकी केंद्र आहे, निकिता तिथं अळ्या सांभाळते. चॉकी म्हणजे रेशमाच्या अळ्यांची बालवाडीच म्हणा. अंड्यातून निघाल्यावर दहा दिवस तिथं त्यांना जपायचं, तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून घालायचा आणि मग शेतकऱ्यांच्या घरी धाडायचं. ही बॅच अठ्ठावीस घरांची होती. वाटपाला तीन दिवस उरले होते. चार वाजेपर्यंत एकाही ट्रेमध्ये हालचाल राहिली नाही. निकिता शेवटच्या रॅकपाशी खाली बसली होती आणि हातातल्या चिमट्याचं आता काय करायचं, हे तिला कळत नव्हतं.

कारण लगेच सापडलं. सकाळचा पाला केंद्राच्या तुतीच्या गट सातमधला होता, आणि गट सातवर तीनच दिवसांपूर्वी कीटकनाशक फवारलेलं होतं. असा पाला चुकूनही आत येऊ नये म्हणून तर केंद्रानं वेब ॲप करून घेतलं होतं. आलेल्या पाल्याची नोंद कॉम्प्युटरवर केली की 'नोंद जतन झाली' असा हिरवा संदेश येई, आणि गट फवारलेला असेल तर पाठोपाठ लाल इशारा येई. निकितानं त्या सकाळी हिरवा संदेश पाहिला होता. लाल काही तिनं पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ॲप बनवणाऱ्या सारंगनं परभणीहून त्या सकाळची यंत्रातली नोंद पाठवली. तीन ओळी होत्या.

७.१२.०४ – नोंद जतन झाली – दाखवला.
७.१२.१० – गट ७ फवारणी, पाला वापरू नये – दाखवला.
७.१२.१२ – गट ७ फवारणी, पाला वापरू नये – बंद केला – निकिता.

खाली सारंगनं खुलासा केला होता. कुठलाही संदेश आठ सेकंद राहतो आणि मग आपोआप जातो. त्याआधी घालवायचा तर कोपऱ्यातली फुली दाबावी लागते. हा दोनच सेकंदांत गेला होता. म्हणजे इशारा आला होता, आणि निकितानं तो हातानं बंद केला होता.

२

दुसऱ्या दिवशी दुपारी माणिकरावांनी तक्रार लिहायला दत्तोपंतांना बोलावलं. दत्तोपंत रेल्वेत स्टेशन मास्तर होते. उमेदीची वर्षं पूर्णा जंक्शनवर गेली, आणि निवृत्तीनंतर ते पेडगावात येऊन राहिले. अक्षर मोत्यासारखं आणि भाषा नेमकी, त्यामुळे गावातला कुठलाही महत्त्वाचा कागद त्यांच्या हाताखालून जाई. कागदात आपल्याला न कळलेलं एक वाक्यही लिहायचं नाही, ही त्यांची खोड सगळ्यांना माहीत होती आणि पुष्कळांना तिचा तापही होता.

ऑफिसच्या खोलीबाहेर ओट्यावर शेतकरी बसले होते. त्यांच्यात पुढं कस्तुराबाई होत्या. निकिताच्याच सांगण्यावरून त्यांनी दोन वर्षांमागं सोयाबीन मोडून तुती लावली होती. निकितानं दारातून त्यांच्याकडं पाहिलं, तर त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

"मास्तर, लिवा," माणिकराव म्हणाले. "निकिता हिने लाल इशारा पाहून तो हेतुपुरस्सर बंद केला आणि विषारी पाला अळ्यांना घातला. पूर्णेकडच्या नव्या केंद्राचं हिला बोलावणं आलं होतं, तेबी लिवा. पाच वाजता आमी ठाण्यात देणार हाव."

बोलावणं आलं होतं हे खरं. तिनं नाही म्हणून कळवलं होतं हेही खरं, पण ते फोनवर कळवलेलं, त्याचा कागद कुठून आणणार? तक्रार झाली की हे काम गेलं, आणि अळ्या मारणारी म्हणून नाव झालं की कुठलंच केंद्र दारात उभं करणार नव्हतं. राणीसावरगावला वडील म्हणालेच होते, नोकरी सुटली तर लग्नाला हो म्हणून घरी ये. पण त्याहून वाईट गोष्ट निकिताच्या डोक्यात चालली होती. कालपासून तिनं ती सकाळ इतक्यांदा आठवून पाहिली होती, की आता तिला स्वतःचं बोट त्या फुलीवर दिसायला लागलं होतं. खरंच दाबली असेल का आपण? सवयीनं, न बघता?

माणिकराव वाईट माणूस नव्हते. बाहेर अठ्ठावीस घरं बसली होती आणि त्यांना एक नाव हवं होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, चुकीनं झालं म्हणून दस्तखत कर. 'हेतुपुरस्सर' आमी काढून टाकतो. पोलीस जरासाक नरम घेतील."

निकितानं पेन उचललं. तिला आता फक्त हे संपायला हवं होतं. नावाचा 'नि' कागदावर उमटला, आणि दत्तोपंतांनी कागद तिच्या हाताखालून ओढून घेतला.

"थांब पोरी. मशीनच्या नोंदीतली ही तिसरी ओळ मला कळायली नाही," ते म्हणाले. "बंद केला, हे कुणी पाहिलं?"

३

भुजंग हा पाल्याची ट्रॉली आणणारा. तो दारातच उभा होता आणि कालपासून जेवला नव्हता, असं त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"सातचा पाला का आणलास?" दत्तोपंतांनी विचारलं.

"पाच आन् सहाची कापणी झाली होती जी. राहिला सातच. फवारलंय हे मला कोण सांगितलं? मी ट्रॉली आणतो, मशीन नको म्हणलं की माघारी नेतो. असंच चालतंय इथं."

"नोंद करताना तू कुठं होतास?"

"काट्यापाशी. वजन सांगायलो होतो. तिनं लिवलं, हिरवं आलं, आन् पाठ फिरवून म्हणली, टाका पाला."

"रोज अशीच पाठ फिरवते?"

"हिरवं आलं की झालंच की मास्तर. ट्रॉली उन्हात कामून ठेवायची?" भुजंग थोडा घुटमळला. "काल तेवढं हिरवं यायला लय वेळ लागला. पहाटेपासून लाइट न्हवती, कॉम्प्युटर तेवढा बॅटरीवर होता. तिनं मोबाईलचं नेट लावलं होतं. ते गोगलगायीवानी चालायलं होतं."

दत्तोपंतांनी ते वहीत टिपून घेतलं. एवढ्याशा गोष्टीत टिपण्यासारखं काय होतं, हे निकिताला समजलं नाही.

मग हरिओम आला. केंद्राची शेती तोच बघायचा आणि गट सातवर फवारा त्यानंच मारला होता. तो येतानाच आवाज चढवून आला, म्हणजे तोही घाबरलेला होता.

"पाल्यावर पिठ्या ढेकूण आला होता, म्हणून मारलं. त्याच दिवशी ॲपमधे नोंद टाकली, बघून घ्या तारीख. मंग मेहुणीच्या लग्नाला गेलो."

"जाताना हिला तोंडानं सांगितलं का?"

"कशाला? मशीन सांगतंयच की."

"तुझ्या मोबाईलवरून इशारा बंद करता येतो?"

"येत आसंल. पण मंग माझं नाव आलं असतं तिथं. आन् मी त्या टायमाला गंगाखेडच्या पुढं एसटीत होतो, रेंज न्हवती." हरिओमनं निकिताकडं एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. "माझं हिच्याशी वैर न्हाई मास्तर. पण त्या खोलीत कॉम्प्युटरपाशी हिच्याबिगर दुसरं कोणी बसतच न्हाई."

तो खरं बोलत होता. भुजंगही खरं बोलत होता. निकिताला वाटलं, सगळेच खरं बोलत असतील तर मग खोटं बोलणारी मीच उरले.

४

तीन वाजता सारंग मोटारसायकलवरून आला. पंचविशीतला पोरगा, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. दत्तोपंतांनी त्याला पाणी दिलं आणि गेल्या तीन महिन्यांची नोंद दाखवायला सांगितली. लॅपटॉपच्या पडद्यावर ओळींमागून ओळी सरकू लागल्या. दत्तोपंत पेन्सिलीचं टोक ओळीवर ठेवून शांतपणे वाचत गेले. गाड्यांचं रजिस्टर त्यांनी आयुष्यभर असंच वाचलं असेल.

"हे बघ," ते म्हणाले. "हिरवा संदेश दाखवला. बरोबर आठ सेकंदांनी, बंद केला, निकिता. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. ही पोरगी तीन महिने रोज आठपर्यंत मोजून फुली दाबायलीय का?"

"नाही काका. ते आपोआप जातात."

"मग 'केला' का लिहिलंय?"

सारंग गडबडला. "मूळ इंग्रजीत एकच शब्द होता. आपोआप गेला तरी तोच, हातानं घालवला तरी तोच. मराठी करताना मी 'बंद केला' लिहून टाकलं. नाव तर जो कॉम्प्युटरवर बसलेला असेल त्याचं तिथं आपसूक येतं."

"म्हणजे 'बंद झाला' असं लिहायला हवं होतं, तिथंही तू 'केला' लिहिलंस. एका शब्दावर एका बाईला ठाण्यात न्यायला निघालो होतो आपण."

निकिताला कालपासून पहिल्यांदा पुरता श्वास घेता आला. पण माणिकराव काही लेचेपेचे नव्हते.

"शब्द राहू द्या मास्तर. आठ सेकंदांनी गेला तर आपोआप, हे कबूल. हा दोन सेकंदांत गेलाय. का रे सारंग, दोन सेकंदांत आपोआप जातो का?"

"नाही जात," सारंग खाली बघत म्हणाला. "दोन म्हणजे फुलीच."

जेवढी आशा आली होती तेवढी सगळी निघून गेली. निकिता खुर्चीवर बसली.

मग दत्तोपंतांनी वेगळंच विचारलं. "आमच्याकडं फाटकावरच्या माणसाला फोननं सांगायचं, गाडी सुटली, फाटक लाव. तो नुसतं 'हो' म्हणाला तर ते ऐकलं असं आम्ही धरत नव्हतो. त्याच्यापाशी आकड्यांचा एक छापील कागद असतो. त्यातला पुढचा आकडा त्यानं सांगायचा, तो मी माझ्या रजिस्टरात लिहायचा. आकडा मिळाला म्हणजे ऐकणाऱ्यानं ऐकलं. आकडा नाही तोवर गाडीला सिग्नल नाही. तुझ्या या लाल इशाऱ्याला तसलं काही आहे का? समोरच्यानं वाचलं, याची काही खूण?"

"होती," सारंग म्हणाला. "पहिल्या वर्षी लाल इशाऱ्यावर 'समजलं' असं बटण होतं. ते दाबल्याशिवाय इशारा हटायचा नाही आणि पुढचं काही करता यायचं नाही. मग श्रावणात केंद्रावरून फोन आला, बटण काढा, आपोआप जाऊ द्या म्हणून. मी काढलं."

"फोन कुणाचा होता?"

सारंगची नजर क्षणभर निकिताकडं गेली आणि परत लॅपटॉपवर आली. "लक्षात नाही काका. वर्ष झालं त्याला."

निकिताच्या मात्र लक्षात आलं. श्रावणात हवेतला ओलावा वाढला होता आणि ओलाव्याचे लाल इशारे घटकाघटकाला येत होते. तिच्या हातांत मोजे, मोज्यांवर चुन्याची भुकटी. दर वेळी मोजे काढा, हात पुसा, 'समजलं' दाबा, परत मोजे चढवा. एके दिवशी वैतागून तिनंच फोन लावला होता. बटण तिनं काढायला लावलं होतं.

५

"साडेतीन झाले मास्तर," माणिकराव म्हणाले. "लिवून पुरं करायचं का न्हाई?"

दत्तोपंत त्या तीन ओळींच्या कागदावर पेन्सिलीनं खुणा करत होते. निकिता त्यांच्याकडं बघत होती आणि तिला काहीच ऐकू येत नव्हतं. बटणाचं आत्ता बोललं तर सगळं संपलं. न बोललं तर बोलणारं दुसरं कुणी नव्हतं, सारंगनं तर 'लक्षात नाही' म्हणून तो विषय मिटवला होता.

"आमच्या रजिस्टरात," दत्तोपंत म्हणाले, "गाडी आल्याची वेळ असली की गेल्याची वेळ असायलाच पाहिजे. नसली तर गाडी अजून फलाटावर उभी आहे असा अर्थ. या पोराच्या तीन महिन्यांच्या नोंदीत लाल एकदाही आलेला नाही, आणि प्रत्येक 'दाखवला'ला एक 'बंद' आहे. या कागदावर 'दाखवला' दोन आहेत आणि 'बंद' एकच." त्यांनी पेन्सिल पहिल्या ओळीवर टेकवली. "हिरवा आला. हिरवा गेला कधी?"

सारंग कागदावर वाकला. त्याचे ओठ हलू लागले. चारात आठ मिळवले तर बारा. हिरवा ७.१२.०४ ला आला होता, म्हणजे त्याची वेळ ७.१२.१२ ला भरत होती. लाल इशारा बंद झाला होता नेमका त्याच सेकंदाला. पोरगं पांढरंफटक पडलं.

"काका," तो कसाबसा म्हणाला, "पडद्यावर संदेशाची पाटी एकच आहे."

"नीट सांग. यांना कळंल असं."

"शाळेतला फळा समजा. फळ्यावर हिरवं लिहिलं आणि एका गड्याला सांगितलं, आठ मोजून फळा पूस. एरवी लाल आलंच तर एका सेकंदात येतं, पुसलं जाईपर्यंत सात सेकंद दिसतं, कुणाला काही वावगं वाटत नाही. पण काल नेट हळू होतं. हिरवं आलं, फवारणीची माहिती यायला सहा सेकंद लागले. मग त्याच फळ्यावर हिरव्याच्या जागी लाल लिहिलं गेलं आणि दुसऱ्या गड्याला सांगितलं, आठ मोज. पण पहिल्याला 'आता थांब' म्हणायचं मी विसरलो. त्याचं आठ भरलं, तो आला आणि समोर जे होतं ते पुसून गेला."

"आन् दुसरा गडी?" भुजंगनं दारातून विचारलं.

"तो आला तेव्हा फळा कोराच होता."

माणिकरावांचा विश्वास बसेना, आणि त्यांचंही बरोबर होतं. तेव्हा दत्तोपंतांनी खोलीतलं नेट काढून मोबाईलचं लावायला सांगितलं, आणि फोन गोदामाच्या पार पलीकडं नेऊन ठेवला. निकितानं गट सातची नोंद भरली आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवले. हिरवी पाटी आली. सगळे मनात मोजत होते. पाच झाले, सहा झाले, आणि तिथंच लाल अक्षरं उमटली. 'गट ७ फवारणी' एवढं वाचेपर्यंत ती गेली. निकिताचे हात डोक्यावरच होते. फुलीच्या जवळपास कुणाचंच बोट नव्हतं.

दत्तोपंतांनी तक्रारीतलं 'बंद केला' एका रेघेनं खोडलं आणि वर बारीक अक्षरात 'बंद झाला' लिहिलं.

६

माणिकराव बराच वेळ त्या कोऱ्या पडद्याकडं बघत राहिले. मग त्यांनी निकितापुढं हात जोडले, आणि ते काही देखाव्यासाठी नव्हतं. "माफ कर बाई. लय बोललो तुला."

पण बाहेर अठ्ठावीस घरं बसलेलीच होती आणि पाचला अजून तास होता. त्यांनी कोरा कागद दत्तोपंतांपुढं सरकवला. "मंग या पोराचं नाव घाला. ह्याच्या हयगयीनं आमच्या अळ्या मेल्या. खोटं हाय का?"

"खोटं नाही," दत्तोपंत म्हणाले. "अर्धं आहे."

सारंग भिंतीला टेकून उभा होता. त्याचा धंदा आजच्या आज बसणार होता. तरी तो श्रावणातल्या फोनबद्दल एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर त्याचा भार निम्मा झाला असता. दत्तोपंतही काही विचारत नव्हते. त्यांनी पेनचं टोपण काढलं आणि निकिताकडं न बघता थांबून राहिले. त्यांना कळलंय, हे तिला त्या थांबण्यावरून समजलं.

ती सुटली होती. आता गप्प बसलं की काम शाबूत, नाव शाबूत, राणीसावरगावला कुणाला काही सांगायला नको. एवढंच तर तिला कालपासून हवं होतं. तिला ट्रेमधल्या त्या वर केलेल्या माना आठवल्या.

"बटण मी काढायला लावलं होतं," ती म्हणाली.

माणिकरावांना कळेना. तिनं सगळं सांगितलं, मोजे, चुना, श्रावण, फोन. "बटण असतं तर पहिला गडी येवो की दहावा, लाल इशारा माझ्या हाताबिगर हटला नसता. सारंग विसरला हे खरं. पण विसरलं तरी निभावलं असतं, ती सोय मीच काढली. त्याचं नाव घालायलाव तर माझंबी घाला."

"सुटली होतीस की गं तू," माणिकराव हताशपणे म्हणाले.

"अळ्या न्हाई सुटल्या."

दत्तोपंतांनी पेनला टोपण लावलं. "ही तक्रार मी लिहिणार नाही माणिकराव. हरिओमनं तोंडानं सांगितलं नाही, भुजंगनं विचारलं नाही, तुम्ही बटण गेल्याचं वर्षभर पाहिलं नाही. सगळ्यांनी सांगायचं काम मशीनवर टाकलं. सगळ्यांची नावं घालायची असतील तर कागद पुरायचा नाही. ठाण्यात जायचंच तर दुसऱ्याकडून लिहून घ्या."

माणिकरावांनी कागद ओढून घेतला, पण पेन उचललं नाही. "मंग बाहेरच्यांना सांगू काय मी?"

"मी सांगते," निकिता म्हणाली आणि कुणी अडवायच्या आत ओट्यावर गेली.

ऊन कललं होतं. लोक उठून उभे राहिले. तिनं आधी फळ्याचं सांगितलं, मग बटणाचं सांगितलं, आणि आपलं काहीही मागं ठेवलं नाही. एक म्हातारा मधेच चप्पल घालून निघून गेला. दोघं-तिघं त्याच्या मागं गेले. एकजण जाताना असं काही बोलला, की ते तिला पुढं कितीतरी दिवस आठवणार होतं.

कस्तुराबाई गेल्या नाहीत. त्या ओट्याच्या कडेला बसून राहिल्या आणि निकिता थांबल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"तू जाणूनबुजून मारल्यास का?"

"न्हाई मावशी."

"कालपासून एवढंच इचारायचं होतं मला. कोणी इचारूच देईना." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "माझी तुती गुडघ्याच्या वर गेलीया. पाला जून व्हायच्या आत अळ्या पाहिजेत. दुसऱ्या केंद्राकडं मागू का तू देतीस?"

ती अजून देणारी राहिली होती की नाही, हे निकितालाच माहीत नव्हतं. तिनं मागं वळून पाहिलं. माणिकराव दारात उभे होते, आणि तक्रारीचा कागद त्यांच्या हातात तसाच कोरा होता. कस्तुराबाई त्यांच्याकडं बघत नव्हत्या. त्या निकिताच्या तोंडाकडं बघत उत्तराची वाट पाहत बसल्या होत्या.

"देते," ती म्हणाली.